सीडी रिप करताना फ्लॅकची लेव्हल किती ठेवायची?

गेल्या महिन्यात शेजारचे काका सुतळीनं बांधलेली पिशवी घेऊन दारात उभे. आत शंभरेक सीड्या. "तू ह्या कॉम्प्युटरवर घेतोस म्हणं. एवढं माझं पण कर की. पण मला एक सांग, दाबून बारीक करताना आवाज दबत न्हाई न्हवं?"

"नाही दबत काका. तुम्ही पिशवी ठेवा."

सीडी रिप करणं म्हणजे तिच्यावरचं गाणं संगणकावर फाइल म्हणून उतरवणं, आणि फ्लॅक म्हणजे आवाजातलं काहीही न गमावता ती फाइल लहान करणारा फॉरमॅट. दबत नाही हे खरंच, पण काकांचा प्रश्न बरोबर होता. एमपीथ्रीच्या काळात आपण सगळ्यांनी दाबलेला आवाज ऐकलाय. 'कॉम्प्रेशन लेव्हल ८' असं कुठं दिसलं की हात मागे येतो, आणि मग लोक ५ ठेवायची की ८ यावर आठवडाभर घोळ घालतात.

घाईत असाल तर उत्तर एवढंच: फ्लॅकमध्ये लेव्हल ८ ठेवा, संगणक फारच जुना असेल तर ५, 'पडताळणी' चालू ठेवा आणि त्या आकड्याचा विचार सोडून द्या. वेळ घालवायचा तो चकती नीट वाचण्यात. मी नेमकं उलटं केलं होतं. एका रविवारी एकच सीडी ० ते ८ अशा नऊ लेव्हलला करून बघितली, आकडे वहीत लिहिले, मान डोलावली. मग त्याच उत्साहात चाळीस सीड्या घाईच्या मोडमध्ये ओढून घेतल्या. तीन महिन्यांनी रात्री एक विलंबित ख्याल लावला. समेवर येता येता कानात 'टक्'. परत लावला, परत त्याच जागी 'टक्'. फाइल अगदी उत्तम कॉम्प्रेस झालेली होती, फक्त आत टक् होता. ती चाळीस परत करावी लागली.

लेव्हल म्हणजे नेमकं काय

आमच्याकडे दुधाचा रतीब दोन लिटरचा. आई कॅलेंडरवर रोज 'दोन लिटर' लिहीत बसत नाही. पाहुणे आले, एक लिटर जास्त घेतलं, तर त्या तारखेवर '+१'. गावाला गेलो तर फुली. महिनाअखेरीला हिशोब मात्र थेंबाचा फरक न पडता लागतो, कारण रतीब माहीत आहे आणि फरक लिहिलेला आहे.

फ्लॅक हेच करतं. सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची त्या त्या क्षणाची मोजमापं असतात, प्रत्येक १६ बिटांचा, आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. मागच्या काही नमुन्यांवरून पुढचा किती येईल याचा अंदाज बांधायचा आणि फाइलीत फक्त अंदाज चुकला तेवढा फरक लिहायचा. वाजवताना तोच अंदाज बांधून फरक मिळवला की मूळ आकडा जसाच्या तसा हातात. फरक लहान तर लिहायला जागा कमी. बस्स.

लेव्हल म्हणजे अंदाज बांधायला किती डोकं लावायचं ते. 'रोज दोन लिटर' हा ढोबळ अंदाज. 'गुरुवारी उपवास म्हणून अर्धा जास्त, शनिवारी लेक हॉस्टेलवरून येते म्हणून एक जास्त' हा बारकाईचा अंदाज, त्यात '+१'च्या नोंदी कमी कराव्या लागतात. पण दूधवाल्याचं बिल दोन्हीकडे तेवढंच येतं. लेव्हल ० ची फाइल आणि लेव्हल ८ ची फाइल उलगडली की आतला शेवटचा बिटसुद्धा सारखा असतो.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. डोकं लावायचं ते बनवताना. वाजवणाऱ्या फोनला किंवा गाडीतल्या प्लेअरला अंदाज शोधावा लागत नाही, तो फाइलीत तयार लिहिलेला असतो. त्यामुळे ८ ची फाइल वाजवायला ५ च्या फाइलीपेक्षा जाणवण्याइतके कष्ट पडत नाहीत, बॅटरीही जास्त जात नाही. मंकीज ऑडिओ या दुसऱ्या फॉरमॅटमध्ये असं नाही. तिथं दाब वाढवला की उलगडतानाही तेवढाच घाम निघतो. 'जास्त कॉम्प्रेशन म्हणजे प्लेअर अडखळणार' ही भीती बहुधा तिथून आलेली.

आकडे मांडून बघू

सीडीवरचा एक मिनिट म्हणजे १०.६ एमबी. तासाभराची सीडी ६३५ एमबी. फ्लॅक केल्यावर ती साधारण निम्मी ते दोन-तृतीयांश उरते, आणि ते लेव्हलपेक्षा संगीतावर जास्त अवलंबून असतं. संथ आलापी, एकच आवाज, मागे तानपुरा अशा गोष्टी छान आवळतात, कारण पुढचा नमुना ओळखता येतो. हलगी-घुमक्याचं रेकॉर्डिंग घ्या. दर थापेला सगळे अंदाज धुळीला. हल्लीच्या चढ्या आवाजात मास्टर केलेल्या सिनेसंगीताचंही तसंच.

आता ५ आणि ८ मधला फरक. तो बहुतेक वेळा टक्काभर किंवा त्याहून कमी. समजा तुमच्याकडे चारशे सीड्या आहेत आणि सरासरी फाइल ३५० एमबी. एकूण १४० जीबी. त्यातला एक टक्का १.४ जीबी. एक टीबीच्या हार्ड डिस्कवर ही बचत म्हणजे पोत्यातला मूठभर तांदूळ.

मग ८ च का सांगतो? कारण ती फुकट मिळते. सुरक्षित मोडमध्ये, म्हणजे प्रत्येक तुकडा पुन्हा वाचून ताडून बघत, एक सीडी वाचायला ड्राइव्हला दहा मिनिटं, ओरखडे असतील तर अर्धा तासही लागतो. तेवढ्या वेळात आजचा कुठलाही संगणक ८ चं काम उरकून मोकळा बसलेला असतो. फ्लॅकच्या २०२५ मध्ये आलेल्या १.५ आवृत्तीपासून तर एन्कोडिंगचं काम प्रोसेसरच्या अनेक कोअरवर वाटताही येतं. पंधरा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप याच कामाला जुंपला असेल तर ५ ठेवा, ती मूळची ठरलेली लेव्हल आहे आणि समतोल आहे.

बाकीच्या लेव्हल पटकन सांगतो. ०, १ आणि २ मध्ये अंदाजाची सूत्रं ठरलेली, तयार असतात आणि तुकडे १,१५२ नमुन्यांचे. ३ पासून पुढे प्रत्येक ४,०९६ नमुन्यांच्या तुकड्यासाठी वेगळं सूत्र शोधलं जातं. ३ मध्ये जास्तीत जास्त ६ नमुने मागे बघून, ४ ते ६ मध्ये ८ आणि ७-८ मध्ये १२. ६ आणि ७ निवडायला मला तरी कधी कारण सापडलं नाही. एवढं पुढे आलात तर ८ ला जा.

० आणि ३ मधला खड्डा

ही गोष्ट आपल्याकडच्या संग्रहांत फार येते, म्हणून जरा थांबतो.

कोल्हापूर हे अल्लादियाखाँसाहेबांचं गाव. शाहू महाराजांच्या दरबारी ते होते, आणि जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी इथल्या जुन्या घरांत अजून ऐकली जाते. त्यामुळे जुन्या संग्रहात केसरबाई केरकरांसारख्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून केलेल्या सीड्या असतातच. ती मूळ ध्वनिमुद्रणं मोनो. सीडीला मात्र दोन चॅनेल लागतातच, म्हणून तोच आवाज डावीकडेही आणि उजवीकडेही भरलेला असतो.

फ्लॅककडे यावर एक युक्ती आहे. डावा-उजवा असे दोन वेगळे न लिहिता 'दोघांची सरासरी' आणि 'दोघांतला फरक' असं लिहायचं. दोन्ही चॅनेल तंतोतंत सारखे असतील तर फरक सगळा शून्य, आणि शून्यांची रांग लिहायला जवळजवळ जागाच लागत नाही. फाइल थेट अर्ध्यावर येते. पण ही युक्ती लेव्हल ० आणि लेव्हल ३ मध्ये बंद असते! तिथं तोच आवाज दोनदा लिहिला जातो. '३ म्हणजे मध्यम' असं समजून कुणी ३ ठेवली, तर मोनो सीडीची फाइल दुप्पट होऊन बसते. १ आणि ४ मध्ये ती अर्धवट चालू असते, २ आणि ५ पासून पुढे पूर्ण. कुठल्याही लेव्हलमधला डोळ्यांना दिसेल असा फरक मला फक्त इथंच दिसला.

सगळ्या जुन्या सीड्यांवर ही जादू होत नाही. तबकडी दोन चॅनेलच्या यंत्रावरून उतरवली असेल, तर सुईची खरखर डावीकडे वेगळी आणि उजवीकडे वेगळी येते. कानाला मोनोच, पण फरक शून्य नाही. आणि खरखरीचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही, त्यामुळे शांत वाटणाऱ्या जुन्या ध्वनिमुद्रणाची फाइल कधी कधी मोठी येते. काही बिघडलंय असं समजू नका.

८ च्या पुढे

आहे, रस्ता आहे. सगळ्या शक्यता तपासून बघायचा पर्याय आहे, अंदाजाची खोली १२ वरून ३२ पर्यंत न्यायचा पर्याय आहे. पहिल्यानं वेळ कित्येक पटींनी वाढतो आणि हाती एक टक्काही लागत नाही. दुसऱ्यानं फाइल फ्लॅकच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर जाते आणि काही जुने प्लेअर ती वाजवायला नकार देतात. दोन्ही नकोत.

दुसऱ्या टोकाला 'अनकॉम्प्रेस्ड फ्लॅक'. डीबीपॉवरॲम्प या रिप करायच्या प्रोग्रॅममध्ये तो पर्याय दिसतो. उलगडताना प्रोसेसरला श्रम पडतात आणि त्यानं आवाज मळतो, अशी श्रद्धा असलेले लोक तो वापरतात. श्रद्धेला माझी हरकत नाही, हार्ड डिस्क त्यांची आहे.

आधीच ५ वर सगळं करून ठेवलं असेल तर राहू द्या. अगदीच चैन पडत नसेल तर फ्लॅकवरून फ्लॅक असं पुन्हा आवळता येतं, नावं-टॅग तसेच राहतात आणि आवाजाला काही होत नाही. सीड्या परत काढायची गरज नाही. घरात सगळे आयफोनवाले असतील आणि ॲपलच्याच म्युझिक ॲपमध्ये ऐकायचं असेल, तर ॲपलचा एएलएसी फॉरमॅट घ्या. तेही हानिरहित, २०११ पासून मुक्त स्रोत, आणि फ्लॅकवरून तिकडे किंवा तिकडून इकडे कधीही नेता येतं. मी फ्लॅकवरच थांबलो. २००१ पासून चालत आलेला खुला फॉरमॅट आहे आणि २०२४ च्या डिसेंबरात त्याची रीतसर इंटरनेट मानक म्हणून नोंदही झाली. वीस वर्षांनी ती फाइल उघडेल याची मला काळजी नाही.

आता खरं काम.

पायरी १: चकत्या वेगळ्या करा

तीन ढीग. पहिला छापील सीड्यांचा, चकतीची खालची बाजू चंदेरी. दुसरा घरी बर्न केलेल्यांचा, खालून हिरवट, निळसर किंवा सोनेरी. तिसरा एमपीथ्री सीड्यांचा, 'एका सीडीत १५० गाणी'वाल्या.

तिसरा ढीग सरळ कॉपी करा. एमपीथ्रीचं फ्लॅक करू नका. गेलेला आवाज परत येत नाही, नुसती फाइल फुगते.

दुसरा ढीग सगळ्यात आधी घ्या. बर्न केलेल्या चकतीत माहिती रंगाच्या थरात असते आणि तो रंग उन्हानं, उष्णतेनं उडतो. वडिलांच्या संग्रहात कोल्हापूरच्या देवल क्लबमधल्या गाण्याच्या बैठकांचं कुणीतरी कॅसेटवर धरलेलं आणि मग सीडीवर उतरवलेलं बरंच काही होतं. छापील सीडी गेली तर दुसरीकडे मिळण्याची आशा असते. ह्यांची प्रत जगात कुठंच नाही.

पायरी २: धुवा

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात मामांच्या घरात, कुंभार गल्लीत, पाणी शिरलं. खालच्या कपाटातल्या सीड्या चार दिवस गाळात होत्या. मामांनी टाकायलाच काढलेल्या. आतले कागद लगदा झाले होते, प्लास्टिकच्या केसांत चिखल वाळून बसला होता, पण चकत्या बहुतेक वाचल्या.

रीत अशी. वाळलेला गाळ कधीही पुसायचा नाही, त्यातली बारीक रेती पॉलिश पेपरसारखी चालते. चकती आधी नळाच्या वाहत्या कोमट पाण्याखाली धरायची आणि गाळ आपोआप सुटू द्यायचा. मग भांड्यांच्या द्रव साबणाचा एक थेंब, बोटाच्या टोकानं हलक्या हातानं. पुन्हा पाणी. मग चष्मा पुसायच्या मऊ कापडानं टिपायचं, मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ रेषेत. गोल गोल कधीच नाही. सरळ ओरखडा लेसरच्या वाटेला आडवा छेदतो आणि चकतीवरच लिहिलेला दुरुस्ती-कोड तो भरून काढतो. गोल ओरखडा वाटेबरोबर लांबवर जातो, तिथं सलग माहिती बुडते.

आपण सगळे खालच्या चकचकीत बाजूला जपतो आणि लेबलची बाजू खुशाल टेबलावर घासतो. खरं तर ॲल्युमिनियमचा थर लेबलच्या लगेच खाली असतो, वर फक्त वार्निशाचा पातळ थर. खालून ओरखडा पडला तर जाड प्लास्टिकवर पडतो, पॉलिश करून निघू शकतो. वरून पडला तर माहितीच खरवडली जाते. उजेडाकडे धरून बघा. टाचणीएवढी भोकं दिसली तर तेवढा भाग गेलेला आहे.

पायरी ३: ड्राइव्ह

नव्या लॅपटॉपना ड्राइव्हच नसतो. यूएसबीचा पातळ ड्राइव्ह चालतो, पण तो वीजही त्याच वायरीतून ओढतो. हबमध्ये लावला की मध्येच दम टाकतो. थेट लॅपटॉपला लावा. जुन्या डेस्कटॉपमधला मोठा ड्राइव्ह कुणाकडे पडून असेल तर तो घ्या, ओरखड्यांशी झुंजायला माझा तरी तोच अनुभवानं भारी ठरला. शक्य असेल तर दोन वेगवेगळे ड्राइव्ह ठेवा. का ते पुढे येतंच.

पावसाळ्यात लाईट जाते हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. डेस्कटॉप असेल तर यूपीएसवरच.

पायरी ४: वाचन

ऑडिओ सीडी नीट वाचणं अवघड का? डेटा सीडीच्या प्रत्येक २,३५२ बाइटांच्या तुकड्यात कामाची माहिती २,०४८ बाइटच असते, उरलेल्या जागेत पत्ता आणि दुरुस्तीचा जादा कोड असतो. ऑडिओ सीडीत सगळेच्या सगळे २,३५२ बाइट संगीताचे. दुरुस्तीचा एक थर कमी. वर ऑडिओचा नियम असा, की नमुना दुरुस्तच होईना तर आजूबाजूचे बघून अंदाजे भरावा आणि पुढे जावं. ऐकायला ते सोयीचं, कारण गाणं थांबत नाही. रिप करायला धोक्याचं, कारण ड्राइव्ह चूक कबूलच करत नाही.

म्हणून विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, म्हणजे ईएसी. घरगुती वापराला फुकट. मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. पैसे मोजायची तयारी असेल तर डीबीपॉवरॲम्प, त्यात डोकेदुखी सगळ्यात कमी. मी ईएसीचं सांगतो, बाकीकडे हेच वेगळ्या नावांनी सापडेल.

मोड 'सिक्युअर' ठेवा, 'बर्स्ट' नको. माझा टक् बर्स्टचाच. सिक्युअरमध्ये प्रत्येक तुकडा निदान दोनदा वाचला जातो. जुळला नाही तर सोळा वेळा वाचून त्यातली आठ उत्तरं सारखी येतात का ते बघितलं जातं, आणि तसं पुन्हा पुन्हा होतं. 'ड्राइव्ह ऑडिओ कॅशे करतो' ही खूण चालू ठेवा, नाहीतर दुसऱ्यांदा वाचलेलं चकतीवरून न येता ड्राइव्हच्या आठवणीतूनच येईल आणि चूक स्वतःशीच जुळेल. 'सीटू' चुकांची, म्हणजे ड्राइव्हनं स्वतः कळवलेल्या चुकांची खूण बंद ठेवा. त्या बाबतीत सगळे ड्राइव्ह खरं बोलत नाहीत.

मग ऑफसेट. प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह काही नमुने पुढे किंवा मागे सुरुवात करतो. +६ हा आकडा बऱ्याच ड्राइव्हना असतो. सहा नमुने म्हणजे सेकंदाचा सात हजारावा भाग, कानाला शून्य फरक. पण तो दुरुस्त केला नाही तर इतरांच्या रिपशी ताळा, म्हणजे आवाजाच्या सगळ्या आकड्यांवरून काढलेली खूणसंख्या, जुळत नाही. ॲक्युरेटरिप ही जगभरच्या लोकांनी काढलेल्या रिपच्या ताळ्यांची यादी आहे. तुमचा ताळा दोन-चार अनोळखी लोकांच्या ताळ्याशी जुळला, तर रिप बरोबर, विषय संपला. ऑफसेट ओळखायला पहिली सीडी भरपूर विकली गेलेली घाला, गाजलेल्या हिंदी सिनेमाची किंवा परदेशी. नाट्यसंगीताची किंवा भावगीतांची घातलीत तर यादीत ती सापडेलच असं नाही आणि तुम्ही बसाल वाट बघत.

आणि इथंच आपली अडचण. मराठी सीड्यांपैकी कित्येक त्या यादीत नाहीत, बैठकींच्या बर्न केलेल्या तर असणारच नाहीत. त्यांच्यासाठी 'टेस्ट अँड कॉपी' वापरा. ट्रॅक दोनदा पूर्ण वाचला जातो आणि दोन्ही ताळे लॉगमध्ये, म्हणजे ईएसी लिहून ठेवतं त्या अहवालात, शेजारी शेजारी येतात. महत्त्वाची चकती असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर आणखी एकदा. एकच ड्राइव्ह एकाच ओरखड्यापाशी दोन्ही वेळा तीच चूक करू शकतो, दोन वेगळे ड्राइव्ह सहसा करत नाहीत.

लॉग जपून ठेवा, त्याच फोल्डरमध्ये.

पायरी ५: फ्लॅकची खिडकी

ईएसीच्या कॉम्प्रेशनच्या पर्यायांत 'बाहेरचा एन्कोडर' असा भाग आहे. तिथं फ्लॅकचा प्रोग्रॅम कुठं आहे ते दाखवायचं, आणि आदेशाच्या ओळीत वजाचिन्हापुढे जो आकडा दिसतो ती लेव्हल. तिथं ८ करा. त्याच ओळीत वजाचिन्हाला चिकटलेलं मोठ्या लिपीतलं 'व्ही' असेल ते काढू नका, नसेल तर घाला. ती पडताळणी. फ्लॅक लिहिता लिहिता लगेच उलगडून मूळाशी ताडून बघतं. रॅमची एखादी चिप खराब असली तर तीही इथं उघडी पडते.

खिडकीत बिट रेट निवडायची एक यादीही दिसेल, ३२० वगैरे. तिचा फ्लॅकशी काही संबंध नाही. आमच्या एका मित्रानं 'जास्त क्वालिटी' म्हणून तिथला सगळ्यात मोठा आकडा शोधण्यात संध्याकाळ घालवली. 'आयडीथ्री टॅग जोडा' ही खूण मात्र काढून टाका. आयडीथ्री ही एमपीथ्रीची पद्धत, फ्लॅकची टॅग लिहायची स्वतःची पद्धत आहे, आयडीथ्री घुसडलं की काही प्लेअर फाइल ओळखत नाहीत.

ट्रॅक वेगवेगळे काढा, पण क्यू शीटही, म्हणजे कुठला ट्रॅक कुठं सुरू होतो ते नोंदवणारी छोटी फाइलही बनवा. ख्यालाच्या सीडीत कधी कधी विलंबित आणि द्रुत यांच्या मध्ये गाणं न थांबता ट्रॅक बदलतो. फ्लॅकमध्ये नमुन्यांची संख्या नेमकी लिहिलेली असते, त्यामुळे सलग वाजवणाऱ्या प्लेअरवर सांधा कळत नाही. प्लेअरमध्ये 'गॅपलेस' चालू आहे ना तेवढं बघा.

पायरी ६: नावं

कंटाळवाणं काम, आणि टाळलं तर सगळा संग्रह 'ट्रॅक ०१' होऊन पडतो. परदेशी सीड्यांची नावं नेटवरून आपोआप येतात. मराठी सीड्यांची आली तर रोमन लिपीत आणि तीन प्रकारच्या स्पेलिंगांत येतात. मी फूबार२००० या प्लेअरमध्ये हातानं टाकतो. टॅगमध्ये देवनागरी बिनदिक्कत चालते. फक्त ट्रॅक क्रमांकाच्या रकान्यात इंग्रजी आकडेच टाका, नाहीतर काही प्लेअर क्रम विसरतात. गाडीतल्या स्टिरिओवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसले तर तो स्टिरिओचा दोष, फाइलीचा नाही.

राग, ताल आणि साथ यांचे स्वतःचे रकाने करा. फ्लॅकमध्ये हवा तो रकाना जोडता येतो. जयपूर घराण्याचं गाणं ऐकणाऱ्याला बसंती केदार शोधायचा असतो, अल्बमचं नाव कुणाच्या लक्षात असतं? आणि कव्हरचा आतला कागद फोनवर का होईना, पण फोटो काढून त्याच फोल्डरात टाका. साथीला कोण होतं ते बहुधा फक्त तिथंच छापलेलं असतं. मामांच्या सीड्या वाचल्या, पण कागद गेले. तंबोऱ्यावर कोण ते आता कुणालाच माहीत नाही.

पायरी ७: तपासणी आणि प्रती

प्रत्येक फ्लॅक फाइलीत मूळ आवाजाचा एमडीफाइव्ह ताळा लिहिलेला असतो. फूबारमध्ये किंवा फ्लॅकच्याच चाचणीच्या आदेशानं शेकडो फाइली एकदम तपासता येतात. पण ही चाचणी काय सांगते ते नीट समजून घ्या. फाइल बनली त्या दिवशी होती तशीच आज आहे, एवढंच. सीडीवरून बरोबर आलं होतं का, हे ती सांगत नाही. टक् असलेली माझी फाइल या चाचणीत दर वेळी पहिल्या नंबरानं पास व्हायची. ते उत्तर लॉगमध्ये असतं.

दोन हार्ड डिस्क घ्या, दोन्हींवर तेच. एक घरात, एक दुसऱ्या गावात. माझी दुसरी गडहिंग्लजला बहिणीकडे असते. आधी सांगलीला चुलत्यांकडे ठेवणार होतो. मग २०१९ आठवलं. पाणी इथं पंचगंगेचं आणि तिथं कृष्णेचं, पण येतं एकाच आठवड्यात.

दिवाळीत बहीण आली की तिची डिस्क येते. साफसफाई चालू असताना एकीकडे दोन्हींवर चाचणी लावून द्यायची. ज्या फाइलीला चूक दाखवली ती दुसऱ्या डिस्कवरून आणायची. दोन्हीकडे चूक असेल तर माळ्यावरची पेटी खाली काढायची, म्हणून सीड्या अजून भंगारात घातलेल्या नाहीत.